कागदावरचे स्वर

मंडी मोहल्ल्यातून जाणाऱ्या रस्त्याला बडोद्याच्या सयाजीरावांचे नाव आहे, याचे आम्हां मराठी कारकुनांना उगीचच भूषण वाटते. दसऱ्याची मिरवणूक याच रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. पोलीस बँडची शिस्त पाच रेघांच्या स्वरलिपीवर घडलेली; डोळ्ळूवाल्यांना मात्र कागद ठाऊकच नाही.

कागदाचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. माझी भाकरीच त्यावर आहे! म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार (१९१९–१९७४) यांनी १९४०च्या दशकात लंडनवासी रशियन रचनाकार मेटनर यांच्या संगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी द्रव्यसाहाय्य केले. ते संगीत लिहिलेले होते, म्हणूनच इतक्या दूरवर पोचले. लिहिलेल्या स्वरांवर वीस व्हायोलिने एका गजाने चालतात. पण तोडीतला गंधार ‘ग’ एवढ्या अक्षरात कसा मावावा? वीणेवर तो शेजारच्या स्वरांना स्पर्शून हेलकावतच राहतो. डोळ्ळूच्या ठेक्याच्या मात्रा एक वेळ मांडता येतील. वादकाच्या अंगाचा झोल कोणत्या रेघेवर लिहावा?

तो झोल मुले थोरांच्या खांद्यांकडे पाहून उचलतात. यांतला एखादा मुलगा उद्या आमच्यासारखा कचेरीत चिकटला, तर त्याच्या हातातल्या ठेक्याची दुसरी प्रत कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.