उतारावरचं पाणी

नगर जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो, ऊस आठवतो, शिर्डी आठवते. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी चित्र तेच. थंड हवेचं ठिकाण त्या चित्रात नसतं. दोष एकट्या बाहेरच्यांना कशाला द्यायचा? आमच्याकडची नवी जोडपीसुद्धा लग्न उरकलं की मनालीच्या गाडीत बसतात. सोलंगला भाड्याचे फुगीर कोट चढवतात, पायाला दोन लांब फळ्या बांधून घेतात, फोटो होईपर्यंत उभी राहतात आणि मग सावकाश, अगदी समजूतदारपणे, बर्फात बसतात. थोडे अधिक हौशी असतात ते औली-गुलमर्ग गाठतात. आमच्याकडे बर्फ असतो तो रसवंतीच्या लाकडी पेटीत, गोणपाटाखाली.

पण आमच्याकडे डोंगर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटरचं कळसूबाई, नगर-नाशिकच्या सीमेवर उभं आहे आणि त्याची नेहमीची वाट अकोले तालुक्यातल्या बारी गावातून चढते. कळसूबाईच्या शेजारचं भंडारदरा हे आमचं डोंगरातलं गाव. नगरहून दीडशेएक किलोमीटर. कोल्हारला प्रवरा भेटते, आणि तिथून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता कमीजास्त अंतराने तिच्या उगमाकडेच निघतो. अकोल्यापर्यंत उसाची सोबत असते. मग ऊस विरळ होतो, भाताची खाचरं लागतात, रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची डांगी जनावरं दिसू लागतात. ही जात धो धो पावसात चिखल तुडवायला जन्मलेली. राजूरला तिचं मोठं प्रदर्शन भरतं. हवा बदलली हे अंगाला कळायच्या आधी गोठ्यावरून कळतं.

महाबळेश्वर, माथेरान वसली ती साहेबाला उकाडा सोसवेना म्हणून. भंडारदऱ्याची गोष्ट निराळी. इथे साहेब आला तो पाणी अडवायला. 1910 मध्ये प्रवरेवर धरणाचं काम सुरू झालं, 1926 मध्ये पुरं झालं. दगडी बांधकामाची 82 मीटर उंच भिंत. त्या काळी देशात तेवढं उंच धरण दुसरं नव्हतं. भिंतीला गव्हर्नर विल्सनचं नाव, तलावाला आर्थरचं. खाली कालवे निघाले, माळरानं भिजली, ऊस आला आणि 1950 मध्ये त्या उसावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. म्हणजे आपण ज्या तलावाच्या काठी बसून कांदाभजी खातो, तो पाहण्यासाठी बांधलेलाच नाही. तो 11,039 दशलक्ष घनफुटांचा हिशोब आहे. जुलै-ऑगस्टमध्ये 'भंडारदरा किती भरलं?' हा प्रश्न राहाता-श्रीरामपूरच्या पारावर ज्या सुरात विचारला जातो, तो सूर सहलीला निघालेल्या माणसाचा नसतो.

अंब्रेला फॉलचं पाहा. धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं की ते खालच्या गोल कातळावरून पसरत उतरतं आणि उघडलेल्या छत्रीसारखं दिसतं. लोक लांबून ते बघायला येतात. पण ती छत्री उघडायची की मिटायची हे पाटबंधारे खातं ठरवतं. पर्यटकांच्या लाडक्या धबधब्याची चावी सरकारी कपाटात असावी, हे मला फार आवडतं.

बर्फावरून घसरायची गंमत मी नाकारत नाही. यंत्राच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि सूं करत खाली यायचं. चढ यंत्राचा, उतार आपला. कळसूबाईला असला सौदा चालत नाही. बारीतून निघालं की खाचरं, मग दगड, मग लोखंडी शिड्या. मधे टपरीवर ताक किंवा लिंबू सरबत. पुढच्या वळणावर माथा येईल असं वाटतं, तिथे आणखी एक शिडी असते. उतरताना गुडघे बोलायला लागतात. 'दादा, घाई करू नका, शिखर कुठं पळून चाललंय?' असं बारीतली दहा-बारा वर्षांची पोरगी पाण्याच्या बाटल्यांचं ओझं घेऊन आपल्याला मागे टाकताना सांगते, तेव्हा शहरातल्या महागड्या बुटांची किंमत समजते.

माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ आहे, नवरात्रात तिथे गर्दी लोटते. कळसूची कथा इथले लोक सांगतात. ती पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालूनच: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस नेमकी तीच कामं तिच्या गळ्यात पडली. तिने ती केली आणि तडक डोंगर चढून गेली, ती पुन्हा उतरलीच नाही. सुट्टीवर आलेल्या आपल्या सगळ्यांचं हे कुलदैवत व्हायला हरकत नाही. तीच अट घालून आपणही इथे येतो. फरक इतकाच की केर आपण मागे ठेवून जातो, आणि तो बारीतली माणसं काढतात.

तलावाच्या वरच्या टोकाला रतनवाडी. तिथलं अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं की बाकीचं बघायचं राहून जातं, इतकं त्याचं कोरीवकाम गुंतवून ठेवतं. मागे रतनगड, माथ्यावर नेढं, म्हणजे डोंगराला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की वारा एका कुशीतून शिरून दुसरीतून निघतो. याच डोंगरात प्रवरा उगम पावते. आणि याच रानांत देवगावच्या राघोजी भांगऱ्यांनी सावकार आणि कंपनी सरकार दोघांना घोर लावला होता. 1848 मध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात राघोजी सहसा नसतात, जलतरण तलाव असतो.

साम्रदची सांदण दरी मात्र आता सगळ्यांना ठाऊक झाली आहे. दोन्ही बाजूंचे कातळ इतके जवळ येतात की आभाळाची नुसती चिरी उरते. मधल्या डोहात कमरेपर्यंत गार पाणी, पुढे दोरावरून उतरणं. पावसाळ्यात तिथे जाऊ नये. हे वाक्य दरवर्षी लिहावं लागतं.

आणि घाटघर. पावसाचं खरं घर तेच. नगर शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधानी असतात. त्याच जिल्ह्याच्या या टोकाला चांगल्या वर्षी पाच हजारांच्या वर पडतो. इथे कोकणकड्यावर उभं राहिलं की खालून आलेला वारा धबधबा उचलून आपल्याच तोंडावर मारतो. पण मला त्याहून नवल वाटतं ते इथल्या जलविद्युत प्रकल्पाचं. घाटघरला एक तलाव, खाली शहापूर तालुक्यात दुसरा. मधे चारशेएक मीटरचा उतार आणि जमिनीच्या पोटात वीजघर. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडायचं, त्यातून 250 मेगावॅट वीज काढायची. रात्री वीज शिल्लक पडली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. गुलमर्गच्या पाळण्याचा खेळ आमच्या जिल्ह्यातही आहे तर! यंत्राने वर जायचं, उतारावरून सूं करत खाली यायचं. फक्त आमच्याकडे तो पाणी खेळतं.

त्या पाण्याशी ज्यांचं सगळ्यात जवळचं नातं, त्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांकडे ते थांबत नाही. आषाढात हीच माणसं इरली पांघरून दिवसदिवस वाकून भाताची आवणी करतात. आणि एवढं कोसळूनही चैत्र-वैशाखात वरच्या काही वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन पाण्यामागे फिरतात. खालचे तालुके आवर्तनासाठी भांडतात, त्याच्याही खालचा मराठवाडा जायकवाडीसाठी न्यायालयात जातो. सगळ्यांची बाजू खरी असेल. डोंगराची बाजू मात्र या भांडणात फारशी कुणी मांडत नाही. उतारावर राहणाऱ्यांना पाणी दिसतं खूप, मिळतं थोडं.

आणि पर्यटकही पाण्यासारखाच आहे. शनिवारी चढतो, रविवारी संध्याकाळी ओसरतो. मेअखेर, पहिल्या पावसाच्या तोंडावर, हिरडा-बेहडा-सादड्याच्या झाडांवर काजवे लागतात. संबंध झाड एका ठेक्यात उजळतं आणि मालवतं. ते जोडीदाराला दिलेले इशारे असतात. त्यावर आपण गाडीचे दिवे मारतो, वर मोबाइलचे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे 1986 पासून अभयारण्य आहे. सहल कोणतीही असली तरी आपण तिथे पाहुणे आहोत.

तेव्हा या, जरूर या. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. गाडी दूर लावा, दिवे मालवा, गाणी बंद ठेवा. मुक्काम शेंडी गावात किंवा रतनवाडीला एखाद्या घरी करा, नाचणीची भाकरी आणि ठेचा मागा, वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्या आणि त्याच्याशी पैशांची घासाघीस करू नका. पाणी इथे थांबत नाही, चार पैसे तरी थांबू देत. आणि आपला कचरा आपल्याच पिशवीत घालून राजूरपर्यंत आणा. तिथले पेढे चांगले असतात.