बंबाची ओढ

बंब नीट पेटला की बोलायचा. आधी नुसता धूर, मग नळ्यातून 'घूंऽऽ' असा दमदार आवाज. तो ऐकून घरातलं पहिलं माणूस पंचा शोधायला लागे. बंबानं ओढ धरली, असं आमच्या वाईच्या घरात म्हणत. ओढ न धरलेला बंब म्हणजे सगळ्या सकाळचा खोळंबा: डोळ्यांतलं पाणी गरम आणि बादलीतलं गार.

बंब तांब्याचा, पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून घडवलेला. भोवती पाणी, पोटातून आरपार गेलेला नळा, नळ्याच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राखेला जागा. भट्टी आणि धुराडं अशी दोन्ही कामं तो एक नळाच करायचा. हवा 300 अंशांपर्यंत तापली की तिची घनता जवळपास निम्मी होते. ती वर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला खालून जाळीतून ताजी हवा आत येते. आग स्वतःच स्वतःला वारा घालते, तो असा. हे गणित आजोबांनी कधी मांडलं नाही. पण बंब रुसला की ते ज्या क्रमानं तपास करत, त्यात ते सगळं होतं.

पहिल्यांदा राख. जाळीखाली ती साठली की हवेचा दरवाजाच बंद. मग झिजलेला खराटा वरून नळ्यात फिरवून काजळी पाडायची. मग सरपण. वखारीतून आणलेलं बंबफोड पाऊस सुरू होण्याआधी पडवीत रचलेलं असे. त्यातला एखादा तुकडा घेऊन ते दुसऱ्यावर आपटत. खणखणीत वाजला तर कोरडा, बद्द वाजला तर परत रचायचा. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. आगीची सगळी ताकद आधी ते पाणी उडवण्यात जाते आणि नळा तापतच नाही. एवढं करूनही थंडीत पहाटे धूर मागे फिरे, कारण नळ्यात रात्रभराची गार, जड हवा बसलेली असे. त्यावर आजोबांचा उपाय उसाच्या वाळक्या पाचटाचा. मूठभर पाचट पेटवून नळ्याच्या वरच्या तोंडात सोडायचं. भडका उडे, नळा क्षणात तापे आणि खालचा धूर मुकाट वरच्या वाटेला लागे. फुंकणी लागलीच तर त्यानंतर.

तोच बंब आता माझ्या चुलतभावाच्या होमस्टेचा मानकरी आहे. चिंचेनं घासून लखलखीत केलेला, नव्या न्हाणीघरात फरशीवर उभा. वर पत्र्याचा नळ बसवलेला, तो दोन कोपरे घेऊन भिंतीतून बाहेर काढलेला आणि पागोळ्यांच्या आतच संपवलेला, म्हणजे बाहेरून दिसायला नको. पाहुण्यांना जुन्या पद्धतीचं स्नान हवं असतं. पहिल्या पाहुण्यांना स्नानाआधी धुरी मिळाली. भावानं व्हिडिओ पाहिले, लाकूड बदललं, विजेचा ब्लोअर आणला. धूर दुप्पट झाला. शेवटी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी आत पाऊल टाकलं, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, आधी तो पंखा बंद कर!"

छताजवळचा एक्झॉस्ट पंखा खोलीतली हवा बाहेर फेकत होता. खिडकी सरकती, घट्ट बसणारी. दाराखाली फट नाही. पंख्याला हवा हवी, ती तो धुराच्या नळातूनच उलटी ओढत होता. जुन्या न्हाणीघरात हा प्रश्नच नव्हता, कारण ते घर सगळीकडून गळकं होतं. कौलांच्या फटी, फळ्यांच्या दाराखालची बोटभर जागा, मोरीचं भोक. पायांना गार वारा लागतो म्हणून आम्ही त्या फटीला शिव्या घालायचो. बंब तिच्याच जिवावर चालायचा.

नळाचे कोपरेही काढावे लागले. प्रत्येक कोपऱ्यात धुराचा वेग मोडतो आणि काजळी बसायला जागा होते. छपराच्या काठाखाली संपणाऱ्या नळात वारा वरून खाली दाबला जातो. अमेरिकेत लाकडी शेगड्यांसाठी यावर सरळ नियम आहे: धुराडं छपरातून बाहेर पडतं तिथून किमान 3 फूट वर आणि आजूबाजूच्या 10 फुटांतल्या कुठल्याही भागापेक्षा 2 फूट उंच. भावानं नळ सरळ वर नेला, खिडकी बोटभर उघडी ठेवली आणि बंबानं ओढ धरली.

इथपर्यंत जुन्याचं कौतुक ठीक. पण त्याच घरात, बंबापासून भिंतीपलीकडे, आजीची चूल होती आणि तिला धुराडं नव्हतं. धूर कौलांतून जाईल तेवढा जाई, उरलेला आजीच्या छातीत. त्या धुरानं वासे किडत नसत, चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसं टिकत, हे खरं. तरी आंघोळीच्या पाण्याला धुराडं आणि स्वयंपाकाला नाही, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ज्ञान घरातच होतं, फक्त बायकांच्या खोलीपर्यंत पोचलं नव्हतं. वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची मगन चूल घडली. पुढे 1983 च्या अखेरीस केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम आला, 2002 मध्ये गुंडाळला गेला. त्यातल्या कित्येक चुलींचे नळ काजळीनं तुंबले. ते साफ कोणी करायचे हे ठरलेलं नव्हतं. 2016 च्या उज्ज्वला योजनेनं गॅस घराघरांत नेला, पण सिलिंडर भरून आणणं परवडलं नाही की चूल पुन्हा पेटतेच.

भावाला दुसऱ्या न्हाणीघरात गॅस गिझर बसवायचा होता, आत, दाराच्या वर. धूर नाही म्हणून त्याला ते बिनधोक वाटलं. पण ज्योतीला हवा तिथेही लागतेच. कोंडलेल्या खोलीत ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला ना रंग ना वास, आणि माणूस आंघोळ करता करता कोसळतो. बंबाचा धूर निदान डोळे चोळायला लावून बाहेर तरी हाकलायचा. काकूंच्या आग्रहानं गिझर बाहेरच्या भिंतीवर गेला, आत फक्त पाण्याची नळी आली. बंबाजवळचा पंखा मात्र भावानं काढलेला नाही. त्याच्या बटणावर चिकटपट्टी मारून वर लिहिलंय, 'बंब चालू असताना दाबू नये', आणि पाहुणे ते हमखास दाबतात.