समुद्राचा कोणता काठ?

धाराशिव शहराच्या जुन्या वस्तीतील एका घरात पहाटे साडेपाचला दिवा लागतो. गल्लीतील लहानथोर त्या घरच्या यजमानांना अण्णा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला काकू. अण्णा सहासष्ट वर्षांचे आहेत, काकू बासष्ट वर्षांच्या. उजनी धरणाचे पाणी ज्या दिवशी नळाला येते, त्या दिवशी घरातील कामांचा क्रम पाणी ठरविते. एरवी तो काकू ठरवितात. पाणी गाळून भरणे, हंड्यावरचे दुहेरी फडके धुऊन वाळत घालणे, अण्णा मंदिरातून अभिषेक करून परतले की त्यांच्यापुढे ताट ठेवणे आणि सायंकाळी सूर्य मावळण्यापूर्वी स्वयंपाकघर आवरणे, हे त्यांनी चाळीस वर्षे न चुकता केले. अण्णांचे कापडाचे दुकान होते. तेही तितक्याच नेमाने उघडत आणि मिटत असे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या.

या घरात करमणुकीलाही ठराविक वेळ आहे. सायंकाळचे जेवण लवकर आटोपत असल्यामुळे रात्रीची पहिली घटका दोघांची असते. अण्णांची आवड व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांची. त्यातही 1957 सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यांनी किती वेळा पाहिला याची गणती नाही. सहा खुन्यांना कुंपणाबाहेर नेऊन विश्वासाच्या बळावर सुधारू पाहणाऱ्या त्या जेलरचे नाव आदिनाथ आहे, हे ते प्रत्येक वेळी नव्याने सांगतात आणि काकू प्रत्येक वेळी नव्याने ऐकतात. काकूंना हसविणारा चित्रपट हवा असतो. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 साली आला तेव्हा मुले लहान होती. पुढे दूरचित्रवाणीवर तो जेव्हा जेव्हा लागला, तेव्हा तेव्हा काकूंच्या निवडण-टिपणाचे ताट बैठकीत आले.

परंतु काकूंची खरी ओढ रेडिओवरच्या कोळीगीतांकडे. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि लताबाईंचा आवाज यांतून त्यांना समुद्र प्रथम भेटला. ज्या घरात मासळीचे नावही निघत नाही, त्या घरात मासेमारांची गाणी इतक्या प्रेमाने ऐकली जावीत, याचे अण्णांना कौतुकमिश्रित आश्चर्य वाटे. काकूंचे उत्तर साधे होते. वादळात गेलेल्या माणसाची वाट पाहणे ज्या गाण्यात आहे, ते गाणे ऐकायला समुद्र पाहिलेला असावा लागत नाही.

काकूंनी समुद्र पाहिला नव्हता हे खरेच. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांतला, कमी पावसाचा. 1948 पर्यंत हा भाग ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानालाही स्वतःचा समुद्रकिनारा नव्हता. काकूंचे माहेर भूम तालुक्यातले. माहेर, सासर, तुळजापूरमार्गे सोलापूरची खरेदी आणि वर्षातून एकदा कुंथलगिरीची यात्रा, एवढाच त्यांचा प्रवास.

दुकानातून निवृत्त झाल्यावर अण्णांनी दिग्व्रत घेण्याचा विचार बोलून दाखविला, तो याच पार्श्वभूमीवर. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींची निर्वाणभूमी असलेली कुंथलगिरी, जेथे आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली सल्लेखना घेतली, तेथेच दोघांनी हे व्रत घ्यावे असे त्यांच्या मनात होते. दहाही दिशांना आपल्या जाण्या-येण्याची सीमा आखून घ्यावयाची आणि आयुष्यभर ती ओलांडावयाची नाही, हे गुणव्रतांपैकी पहिले व्रत. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सीमेच्या खुणा सांगितल्या आहेत. त्या सर्वांना ठाऊक असाव्यात. समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजनांचे अंतर. या यादीत समुद्राचे नाव पहिले आहे. अण्णांनी एका कागदावर चारही दिशा लिहिल्या आणि पश्चिमेपुढे लिहिले, अरबी समुद्र.

काकूंनी कागद वाचला आणि दोन गोष्टी विचारल्या. पहिली अशी : “तुम्ही माल आणायला सुरत पाहिलीत, मुंबई पाहिलीत, इचलकरंजी पाहिलीत. तुम्ही सोडता ते तुमच्या हातातले आहे. मी काय सोडू? जे कधी मिळालेच नाही त्याचा त्याग कसा करायचा?”

दुसरी गोष्ट त्यांनी काही वेळाने विचारली. “समुद्र ही सीमा धरायची म्हणता, पण अहो, कोणत्या काठाची? अलीकडच्या की पलीकडच्या?”

या दुसऱ्या प्रश्नामागे त्यांची मुलगी होती. ती लग्नानंतर ओमानमधील सलाला या शहरात राहते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. दुसऱ्या वेळी तिला येता आले नाही आणि काकूंना जाता आले नाही. दुकानात लग्नसराई होती आणि पासपोर्ट काढलेला नव्हता. तो नातू आता चार वर्षांचा होता आणि आजीला त्याचा चेहरा मोबाईलच्या पडद्याएवढाच ठाऊक होता. अलीकडचा काठ ही सीमा ठरली असती, तर जे आजवर केवळ राहून गेले होते, ते कायमचे झाले असते.

अण्णांनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी कागद घडी करून चोपडीत ठेवला आणि त्या वर्षी दोघांनी फक्त चातुर्मासापुरते शहराची वेस न ओलांडण्याचे देशव्रत घेतले. चातुर्मास संपल्यावर, मार्गशीर्षात, ते काकूंना घेऊन रत्नागिरीला निघाले.

नागपूर-रत्नागिरी महामार्ग तुळजापूरवरूनच जातो. सोलापूर, मिरज, कोल्हापूर करीत आंबा घाट उतरला की कोकण लागते. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. ज्या रस्त्याच्या कडेला काकू आयुष्यभर एसटीची वाट पाहत उभ्या राहिल्या होत्या, तोच पुढे समुद्राला जाऊन मिळत होता. रत्नागिरीत पहिल्या सायंकाळी अण्णांनी सवयीप्रमाणे घड्याळ पाहून जेवणाची घाई केली. काकूंनी पश्चिमेकडे बोट दाखविले. सूर्य अजून बराच वर होता. धाराशिवपेक्षा रत्नागिरी पश्चिमेला असल्यामुळे तेथे सूर्य दहा-पंधरा मिनिटे उशिरा मावळतो. घरची वेळ तेथे लागू नव्हती. दोघे शांतपणे जेवले आणि भाट्ये येथील वाळूवर जाऊन बसले. चाळीस वर्षे सूर्यास्त म्हणजे काकूंच्या लेखी चूल आवरण्याची वेळ होती. हात मोकळे असताना त्यांनी तो प्रथमच पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्या मिरकरवाड्याच्या मासळी बंदराकडेही गेल्या. वास असह्य होता आणि टोपल्यांतले दृश्य त्यांना पाहवले नाही. तरीही त्या काही वेळ दूर उभ्या राहिल्या. परतून आलेल्या होड्या बाया कशा मोजतात, ते त्यांनी पाहिले. परतताना त्या एवढेच म्हणाल्या, की गाणे खोटे नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात दोघे दक्षिणेकडे गेली. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी पाहून ती कारकळला पोहोचली. तेथील बेचाळीस फुटांची बाहुबलींची मूर्ती 1432 साली उभी राहिली. सकाळी दर्शन झाले आणि दुपारी उडुपीजवळच्या मालपे किनाऱ्यावर जाणे झाले. बाहुबलींची कथा लहानपणापासून ऐकलेली. भरताला तिन्ही युद्धांत हरविल्यावर, राज्य हाती आले असता, त्यांनी ते सोडले. मालपेच्या वाळूवर बसून अण्णांनीच तो विषय काढला. बाहुबली हरले असते आणि मग वनात गेले असते, तर त्याला त्याग म्हटले असते का, असे ते म्हणाले. काकूंनी दोन वर्षांपूर्वी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे ते उत्तर होते. काकूंनी ते ओळखले, पण तसे दाखविले नाही. त्यांनी पिशवीतून चुरमुऱ्याचा डबा काढून अण्णांपुढे धरला.

दुसरा प्रश्न मात्र अण्णांना अधिक अवघड गेला. सीमा सलालापर्यंत नेली तर व्रताला अर्थ काय उरतो, ही त्यांची शंका होती. त्यांनी ‘तत्त्वार्थसूत्र’ पुन्हा वाचले. दिग्व्रताचे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत : वरची, खालची आणि तिरपी सीमा ओलांडणे, क्षेत्र वाढविणे आणि आखलेली सीमा विसरणे. एका दिशेची शिल्लक दुसऱ्या दिशेच्या खात्यात वर्ग करता येत नाही आणि गरज पडेल तशी मर्यादा वाढवून घेता येत नाही. व्रत घेताना सीमा किती दूर असावी, हे मात्र ज्याने त्याने आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावयाचे असते. अरुंद सीमा आखून नातवासाठी ती मोडण्यापेक्षा, प्रामाणिकपणे रुंद आखून ती पाळावी, या निर्णयाला ते आले.

मग नकाशा उघडला गेला आणि एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली. रत्नागिरी आणि सलाला ही दोन्ही शहरे सतराव्या उत्तर अक्षांशावर, जवळजवळ एकाच ओळीत आहेत. भाट्येच्या वाळूवर बसून काकू जिकडे पाहत होत्या, तिकडेच सरळ, सुमारे दोन हजार किलोमीटरवर त्यांची मुलगी होती.

कुंथलगिरीला व्रत घेतले तेव्हा कागदावर अशी नोंद होती : पूर्वेस पुरीचा समुद्र, ईशान्येस सम्मेदशिखर, उत्तरेस हस्तिनापूर, दक्षिणेस कन्याकुमारी, पश्चिमेस सलाला शहराची वेस. वरच्या दिशेपुढे अण्णांनी बारा किलोमीटर लिहिले, कारण विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते असे त्यांनी विचारून घेतले होते. खालच्या दिशेपुढे काकूंनी माहेरच्या विहिरीचा तळ सांगितला. त्याहून खोल जाण्याचे आपल्याला काही कारण नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

गेल्या हिवाळ्यात दोघे सलालाला जाऊन आली. नातवाने पहिला दिवस आजीकडे परक्यासारखे पाहण्यात घालविला आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा पदर सोडला नाही. नारळी-केळीच्या बागा पाहून काकूंना कोकणात आल्यासारखे वाटले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी पावसाळ्यात हा प्रदेश हिरवा होतो, हे मुलीने पूर्वी सांगितले होते, पण त्यांना ते खरे वाटले नव्हते.

मुलीने आणि जावयांनी एके दिवशी मुगसैलच्या किनाऱ्यावर जाण्याचे ठरविले. खडकांतील भोकांतून लाटांचे पाणी कारंज्यासारखे उसळते, ते पाहण्यासाठी तेथे लोक लांबून येतात. मुगसैल सलालाच्या पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. गाडी तयार झाली, नातू बूट घालून दारात उभा राहिला. अण्णा काय बोलावे या विचारात होते. नातवाचा चेहरा पाहून त्यांचा निश्चय डळमळला असावा. नाही म्हणाल्या त्या काकू. तुम्ही जाऊन या, आम्ही घरी थांबतो, असे त्यांनी सांगितले.

मुलगी चकित झाली. “आई, सीमा वाढवून तूच मागितली होतीस ना?”

“मागून घेतली म्हणूनच ती माझी आहे,” काकू म्हणाल्या. “आजवर मी जिथे थांबले, तिथे कोणी तरी थांबविले म्हणून थांबले. इथे मी आपली आपण थांबते आहे.”

शेवटी मुगसैलचा बेत मुलांच्या सोयीने नंतरवर गेला आणि गाडी पूर्वेकडे वळली. त्या दिशेला सलालापासून साधारण तितक्याच अंतरावर खोर रोरी येथे सुम्हुराम या प्राचीन बंदराचे अवशेष आहेत. बहुतेक अभ्यासक त्यालाच ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथातले मोस्खा बंदर मानतात. भडोचहून आलेली जहाजे तेथे कापड, गहू आणि तिळाचे तेल देऊन धूप घेत, असे त्या ग्रंथात लिहिले आहे. त्याच ग्रंथात तगर नगराचाही उल्लेख आहे. तेथून पुष्कळ कापड गाड्यांवरून भडोचला जात असे. ते तगर म्हणजे धाराशिवपासून जवळच असलेले आजचे तेर. तेथील लामतुरे संग्रहालयात अण्णा अनेकदा गेले होते आणि हा उल्लेख त्यांना ठाऊक होता. मोस्ख्याला उतरलेल्या कापडात तेरचे ठाण होते की नाही, हे कोण सांगणार! तरीही आयुष्यभर मीटरपट्टी हाती धरलेला तो गृहस्थ त्या पडक्या भिंतींजवळ बराच वेळ उभा राहिला.

काकू खाली खाडीच्या पाण्याकडे पाहत होत्या. नातवाने त्यांना विचारले, की तुमचे घर कुठे आहे. त्यांनी पूर्वेकडे बोट दाखविले. मग सूर्याकडे पाहून त्यांनी सर्वांना गाडीत बसविले, कारण जेवणे उजेडात व्हायची होती.