टाळूतली शिवण

टाळूवरून जीभ मागे नेली की मधोमध एक बारीक कणा लागतो. त्याच्या आत वरच्या जबड्याची दोन हाडं एकमेकांना भिडलेली असतात. लहानपणी भिडलेली, पण एक न झालेली. शरीरानं ठेवलेल्या या सवडीचं मला फार अप्रूप वाटतं.

माझी भाची जयपूरला मालवीय नगरात वाढते आहे. उन्हाळ्यात आंधी सुटली की तिचं नाक चोंदायचं. एरवीही ती तोंडानंच श्वास घ्यायची. जबडा इतका अरुंद की सुळ्यांना जागा नाही आणि वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसायच्या. दोन हाडांमधली ती शिवण उघडून जबडा रुंदावा म्हणून डॉक्टरांनी टाळूला स्क्रू बसवला. रात्रीची जेवणं आटोपली की ताई तिला दिव्याखाली निजवायची, ‘आ कर गं’ म्हणायची आणि तारेची इवलीशी किल्ली भोकात घालून पुढून मागे ढकलायची. किल्ली निसटून घशात जाऊ नये म्हणून तिचा दोरा मनगटाला गुंडाळलेला. पाव फेरा, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. तेवढ्यानं नाकाच्या मुळाशी ठणका लागायचा.

मग पुढच्या दोन दातांत फट पडली. आजीनं देव पाण्यात घातले. पण शिवण उघडल्याची खूण तीच. हिरडीतले तंतू पुढे ती फट आपणच ओढून मिटवतात.

1860 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल यांनी एका किशोरवयीन मुलीला असाच स्क्रू बसवून किल्ली तिच्याच हाती दिली होती. क्ष-किरणांचा शोध 1895चा. त्यामुळे हाड खरंच सरकतं हे पुष्कळांना पटेना. 1961 मध्ये अँड्र्यू हास यांनी ही पद्धत पुन्हा उजेडात आणली.

वय वाढतं तशी ही शिवण एकमेकांत गुंतत जाते. मोठ्या माणसांत बहुधा शस्त्रक्रिया लागते: भूल देऊन जबड्याच्या हाडात काप घ्यायचे, काही दिवस थांबायचं आणि मग तेच पाव फेरे. कापलेल्या जागी कोवळी ऊती धरू द्यायची आणि ती हळूहळू ताणायची, म्हणजे मागोमाग नवं हाड भरतं. सायबेरियातल्या कुर्गानला गाव्रिल इलिझारोव्ह यांनी हातापायांची हाडं अशीच वाढवून दाखवली होती.

भाचीची किल्ली आता थांबली आहे. स्क्रू मात्र अजून काही महिने तोंडातच राहील, कारण भरलेलं हाड कच्चं आहे. प्याज कचोरी बंद, याचं तिला दुःख. जबड्याबरोबर नाकाचा तळही रुंदावतो, म्हणून मी दर फोनला विचारते, तोंड मिटून झोपते का गं ती? ताई म्हणते, कधी कधी.