खंड्याचा पाय

२०२३ ची दिवाळी. मी चकलीच्या भाजणीत हात घालून बसले होते आणि धाकटा ओरडत आला, "आई, खंड्या लंगडतोय!" मी मान वर न करता म्हटले, "मारली असेल जिन्यावरून उडी मेल्याने!" ते वाक्य अजून मला टोचते.

खंड्या आमचा अल्सेशियन. वय आठ, वजन अडतीस किलो. त्याच्या नावाची गोष्ट सातारकर मैत्रिणींना सांगायला नको. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधी आहे. त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखी दिली, असे सांगतात. मुलांनी ती समाधी पाहिली आणि घरात नुकत्याच आलेल्या पिल्लाचे नाव तिथेच ठरले. आमच्या खंड्याला पालखी नव्हती, पण सासूबाईंच्या ताटातला पहिला घास त्याचा असे. कुत्रे घरात आणायला सर्वांत जास्त विरोध त्यांचाच होता हे जाता जाता सांगते.

माझे माहेर सांगलीचे, हळदीच्या पेठेतले. त्यामुळे दुखण्यावर पहिला उपाय आंबेहळदीचा लेप. तो लावला. मग एका रात्री तो फारच कण्हू लागला, तेव्हा घरातली अंगदुखीची अर्धी गोळी पोळीत घालून दिली. सकाळपर्यंत त्याने चार वेळा ओकारी काढली. मैत्रिणींनो, माझी ही चूक तुम्ही करू नका. आपल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने द्यायचे नाही. नंतर जवळच्या एका डॉक्टरांकडे नेले. "मुरगळलाय," म्हणून तीन आठवडे इंजेक्शने झाली. तोवर मनगटाच्या वर लिंबाएवढा टणक फुगवटा आला होता आणि ज्याच्या पाठीवर बसून मुले मोठी झाली, तो खंड्या लेकीचा हात लागताच गुरगुरला.

त्या गुरगुरण्याने आम्ही जागे झालो. शाळेत मी घड्याळी तासांवर शिकवते, रजा म्हणजे तेवढे पैसे गेलेच. तरी दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांची गाडी मागून खंबाटकी ओलांडली आणि शिरवळला गेलो. तिथे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ पासून. (नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यातले. माझ्या वडिलांना याचा कोण आनंद!)

एक्स-रेच्या फिल्मवर ते हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखे दिसत होते. सुईने तपासणी झाली. हाडाचा कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा. मोठ्या चणीच्या कुत्र्यांना हा जास्त होतो आणि पुढच्या पायात झाला की बहुधा मनगटाजवळ नाहीतर खांद्याजवळ. डॉक्टर शांतपणे बोलत होते. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, पण बहुतेक कुत्र्यांत निदान होईपर्यंत रोगाचे कण फुप्फुसात पोचलेलेच असतात, फक्त दिसत नाहीत. पाय काढला तरी साधारण चार-पाच महिने. पुढे केमोथेरपी दिली तर वर्षभराच्या आसपास. नाही काढला तर ते पोखरलेले हाड कधीही, साधे उठता-बसता मोडेल. गोळ्यांनी हे दुखणे फार दिवस आवरत नाही. तिसरा मार्ग इंजेक्शन देऊन कायमचे झोपवण्याचा. "त्यातही काही गैर नाही. गैर एकच, काहीच न ठरवणं," ते म्हणाले.

घरी कोणी जेवले नाही. ह्यांचे मत झोपवावे असे होते. "चार महिन्यांसाठी त्याला पांगळा करायचा? आपल्या समाधानासाठी?" सासूबाईंना दोन्ही नको होते. "मुक्या जनावराचा पाय तोडायचा आपल्याला काय अधिकार? आणि मारायचा तरी काय?" आणि मी? खरे सांगते, माझ्या डोळ्यांपुढे खंड्या नव्हताच. फाटकाशी थांबून बघणारे लोक होते. "अहो, असं काय हो ह्याला?" असे रोज विचारतील आणि मी रोज काय सांगू, हाच विचार. शिवाय पैसे होतेच. केमोथेरपीसाठी दर तीन आठवड्यांनी प्रवास, औषधे, रक्ताच्या तपासण्या. ते आम्हाला झेपणारे नव्हते आणि ते मी आजही लपवत नाही.

शनिवारी सांगलीला गेले. अण्णांना जुना मधुमेह. २०१६ साली त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, मिरजेला. आता जयपूर फूट घालून ते रोज सकाळी दूध आणायला जातात. त्यांच्यापुढे हा विषय काढायला जीभ रेटेना, पण आईनेच सांगून टाकले.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या वेळी तुम्ही सगळी आठ दिवस दाराबाहेर कुजबुजत होता. ह्यांना कसं सोसवेल, लोकांत कसे जातील, जिना कसा चढतील. मला ऐकू येत होतं. आणि आत मी म्हणत होतो, अरे, तो पाय काढा, मला झोपू द्या! ते आठ दिवस मी विसरलो नाही. त्यानंतरचे मला आठवत पण नाहीत."

मी खाली बघून बसले. त्या कुजबुजण्यात मी होते.

"पण एक बघ," ते म्हणाले, "माझ्यापुढं वर्षं होती. त्याच्यापुढं नाहीत. तेव्हा बाकीचे पाय त्याला पेलतील का, तेवढं विचार. पेलत नसतील तर जावईबापू म्हणतात ते बरोबर आहे."

हा प्रश्न घेऊन पुन्हा शिरवळ. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा पाय जाण्यापेक्षा पुढचा जाणे जड. त्यात अल्सेशियन म्हटले की कमरेचे सांधे सैल असण्याची शक्यता. डॉक्टरांनी उरलेले तिन्ही पाय दाबून पाहिले, कमरेचा एक्स-रे काढला. वयाच्या मानाने सांधे चांगले होते. मग त्यांनी ह्यांना व्हरांड्यात बोलावले आणि खंड्याला चालवून दाखवले. "बघा, गेले पंधरा दिवस हा तीन पायांवरच चालतोय. चौथा नुसता दुखायला ठेवलाय."

हे काही बोलले नाहीत. संमतीच्या कागदावर सही मात्र त्यांनीच केली.

पाय खांद्याच्या फऱ्यासकट काढतात. अर्धा ठेवला तर तो जमिनीला घासून जखमा होतात. पहिली रात्र फार वाईट गेली, भूल उतरताना तो रडत होता आणि आपण हे काय केले असे वाटून मीही. तिसऱ्या दिवशी तो स्वतः उठून अंगणात गेला. सासूबाईंनी आपले जुने इरकली लुगडे फाडून त्याची झोळी केली. ती छातीखालून घालायची आणि आपण वर धरायची. दहा-बारा दिवसांत झोळी लागेनाशी झाली. घरातल्या गुळगुळीत फरशीवर मात्र तो घसरे, म्हणून घरभर सतरंज्या आणि गोणपाटे अंथरली. वजन वाढू द्यायचे नव्हते, त्यामुळे दूधभाकरी अर्ध्यावर आणली. त्यावरून सासूबाईंशी माझे रोज वाजे.

धाकट्याने त्याला "हात दे" शिकवले होते, तोही नेमका उजवा. टाके निघाल्यावर सवयीने तो म्हणून गेला, "खंड्या, हात दे!" खंड्याने कान टवकारले, उजव्या बाजूची कातडी थरथरली, आणि मग पुढे वाकून त्याने पोराच्या तळहातावर हनुवटी ठेवली. पोरगा न्हाणीघरात जाऊन दार लावून रडला. पुढे मात्र दोघांनी तेच चालू ठेवले.

फाटकाशी लोक थांबत. विचारत. मी सांगत असे. दोन-तीन दिवसांत विचारायचे थांबले. ज्याची मला एवढी धास्ती होती, ते एवढेच होते.

खंड्या त्यानंतर सात महिने होता. २०२४ च्या जुलैत खोकला सुरू झाला, धाप लागू लागली, आणि एका सकाळी त्याने सासूबाईंचा घास हुंगून तसाच ठेवला. त्या वेळी घरात चर्चा झाली नाही. ह्यांनीच डॉक्टरांना फोन केला, ते घरी आले. परसातल्या शेवग्याखाली त्याला ठेवले.

सतरंज्या अजून तशाच आहेत. मागे झाडलोट करताना गुंडाळायला घेतल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू देत गं. मलाही घसरायला होत नाही."