चौकटीतला मुनीम

अकोल्यातल्या एका आडत दुकानात त्याची-माझी गाठ पडली. तुरीचा हंगाम होता. ओट्यावर कट्ट्यांची थप्पी, आत काउंटरवर जुना संगणक आणि त्यात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये मीच बांधून दिलेला हिशेब. संध्याकाळचा रिपोर्ट छापला. शेतकऱ्याचं नाव, क्विंटल, भाव, हमाली, तोलाई, सगळं जागच्या जागी. तळाला एकूण रकमेच्या चौकटीत मात्र हा मांडी घालून बसलेला: #एरर.

दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला. “भाऊ, बंदे आकडे बरोबर हायेत, मंग बेरजेत हा कोन बसला बाप्पा?”

ॲक्सेस 1992 साली बाजारात आलं, म्हणजे गडी आता तिशी ओलांडलेला. पण स्वभाव जुन्या मुनीमाचा. बोलणं एका शब्दाचं. कारण विचाराल तर तोंड उघडणार नाही. जागेचा फार मानी. त्या दिवशी मी बेरीज पानाच्या तळटिपेत मांडली होती, ती त्याला खपली नाही. तीच रिपोर्टच्या अखेरच्या पट्टीत हलवली, तर निमूट उठून गेला.

नावांचा घोळही त्याला चालत नाही. रकान्याचं नाव ‘रक्कम’, चौकटीचंही ‘रक्कम’, आणि त्या चौकटीत सूत्र लिहिलं ‘रक्कम वजा हमाली’. मग चौकट रक्कम मागायला स्वतःच्याच दारात जाते. चौकटीचं नाव बदललं की भांडण मिटतं. वजनाच्या रकान्यात कोणी ‘40 किलो’ असं अक्षरांसकट लिहिलं, तर भावाशी गुणाकार करायला तो साफ नकार देतो. पोळ्याला बाजार बंद, एकही नोंद नाही, तरी त्या दिवसाची बेरीज मागितली की हा हजर. आधी ‘हॅजडेटा’ला विचारावं, माल आला होता का, आणि मगच बेरीज सांगावी.

त्याचे भाऊबंदही आहेत. रकान्याचं नाव बदलून सूत्रात जुनंच ठेवलं की #नेम? उगवतो. रकमेला शून्य क्विंटलनं भागून सरासरी भाव काढू गेलात की #डिव्ह/0! आडवा येतो.

या सगळ्यांचा मला राग यायचा. पण एका संध्याकाळी रिपोर्ट अगदी स्वच्छ निघाला, कुठे #एरर नाही, आणि बेरीज तेवढी रोकडीशी जुळेना. दिवाणजी रात्री नऊपर्यंत पट्ट्या चाळत होते. एका पट्टीत हमालीचा रकाना कोराच राहिला होता. रकमेतून कोरं वजा केलं की उत्तरही कोरं येतं, आणि कोऱ्याला बेरीज गुपचूप वगळते. एका शेतकऱ्याची अख्खी पट्टी गिळून तो आकडा साळसूदपणे तळाला उभा होता.

कोऱ्याच्या जागी शून्य धरणारं ‘एनझेड’ मी हमालीला लावलं आणि हिशेब जुळला. त्या जोरावर वजनालाही लावायला निघालो, तर दिवाणजींनी हात धरला. “थांबा भाऊ. काटा झाला नाही अन् काट्यावर काही भरलं नाही, हे दोन अलग होय.” हमाली कोरी म्हणजे ती लागली नाही, असं त्या दुकानात धरता येत होतं. वजन कोरं म्हणजे माल अजून काट्यावर चढायचा होता. तिथे शून्य लिहिणं म्हणजे कास्तकाराचा माल कागदावरून पुसणं.

तेव्हापासून #एरर दिसला की मी त्याला झाकायला धावत नाही. नावं पाहतो, जागा पाहतो, कोरे रकाने पाहतो. जुने मुनीम आकडा लागत नसेल तर बेरीज पुढे न ओढता लेखणी खाली ठेवत. हाही तेच करतो. तुमच्या रिपोर्टात तो दिसला तर चिडू नका. ज्या दिवशी तो दिसणार नाही, त्या दिवशी मात्र बेरीज एकदा हातानं करून पाहा.