पत्नीसाठी चाकू

आमच्या घरात धारेच्या वस्तू मोजून पाच होत्या. स्वयंपाकघरातली विळी, भाजीची सुरी, शिवणाच्या डब्यातली कात्री, परसातला विळा आणि माळ्यावरच्या पेटीत आजीचा अडकित्ता. गेल्या खरिपात त्यांत सहावीची भर पडली. ही सहावी वस्तू म्हणजे पत्नीसाठी घेतलेला एक लहानसा घडीचा चाकू. तो निवडायला मला जवळपास दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत माझ्या वाचनाची जी झाडाझडती झाली, ती एखाद्या चर्चासत्रातही कधी झाली नव्हती.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. मी भिवापूरला मराठी शिकवतो. पत्नी कृषी खात्यात आहे आणि आठवड्यातले निदान चार दिवस तालुक्यातल्या शेतांतून हिंडते. भिवापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला मिरची आठवते आणि ते योग्यच आहे. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हंगामात सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बायांच्या शेजारून नुसते गेले तरी ठसका लागतो. पण पत्नीचा बराचसा वेळ जातो कपाशीत. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली, तेव्हापासून बोंडे तपासण्याचे काम कोणी हलक्यावर घेत नाही. या अळीचा कावा असा, की अंड्यातून निघताच ती कोवळ्या बोंडात शिरते आणि जिथून शिरली ते छिद्र पुढे बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, टणक, निरोगी. आत सरकीचा भुगा. म्हणून एकरी 20 हिरवी बोंडे तोडायची, एकेक उघडून पाहायचे, आणि 20 मध्ये 2 किडकी निघाली की फवारणीचा विचार करायचा. मिरचीचे झाड उभ्या उभ्या सुकू लागले तर बुंध्याला छेद देऊन आतला भाग तपकिरी पडला आहे का, ते बघायचे. थोडक्यात, तिच्या कामात चिरून पाहिल्यावाचून काही कळत नाही. (आस्वादक समीक्षेच्या पुरस्कर्त्या मित्रांनी रागावू नये.)

या कामासाठी ती घरातली भाजीची सुरी नेत असे. वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळलेली आणि पर्समध्ये ठेवलेली. आईची रोज सकाळी सुरीसाठी शोधाशोध होई, तो भाग निराळा. ऑगस्टमध्ये एकदा पेन काढण्यासाठी तिने पर्समध्ये हात घातला. सुरीचे टोक कागदातून बाहेर आलेले होते. तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी तीन टाके पडले. संध्याकाळी पट्टी बांधलेला हात पुढे धरून ती म्हणाली, "मला एक मिटणारा चाकू आणून द्या हो. साधा."

हे 'साधा' मी ऐकले नाही, असेच म्हटले पाहिजे.

तिच्या काही गावांचा रस्ता उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याच्या कडेने जातो. 'जय' नावाचा प्रसिद्ध वाघ 2016 मध्ये नाहीसा झाला, ते हे जंगल. वाघापुढे चाकू काय कामाचा, हे मलाही कळत होते. आणि खरे सांगायचे तर माझी भीती वाघाची नव्हतीच. एकटी बाई, दुचाकी, निर्मनुष्य पांदण, सायंकाळची वेळ: वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणाही नवऱ्याच्या मनात जे येते ते माझ्याही मनात होते, आणि ते तिच्याजवळ बोलून दाखवायची हिंमत मला कधी झाली नव्हती. मग मी नागपूर गाठले. इतवारीतल्या एका दुकानदाराने माझे दोनच प्रश्न ऐकले आणि अचूक ओळखले. "मॅडम के लिए? तो फिर ये देखो सर, सेफ्टी के लिए." काळ्या मुठीचा, हाताच्या पंजाएवढा, कळ दाबताच खटकन उघडणारा चाकू त्याने काचेवर ठेवला. मी तो घेतला. परतीच्या एसटीत, सुमारे 70 किलोमीटर, तो पिशवीत आहे या जाणिवेने मला उगाचच बरे वाटत राहिले.

पत्नीने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग टेबलावर ठेवून म्हणाली, "हा काढून मी कोणाच्या बांधावर उभी राहू? माणूस माझ्याशी बोलेल तरी का?" जरा थांबून तिने विचारले, "तुम्हाला भीती वाटते का मी जाते त्याची?"

मी हो म्हणालो. लग्नाला 19 वर्षे झाल्यावर प्रथमच हा विषय आमच्यात निघाला, तोही चाकूच्या निमित्ताने. तिने आपल्यालाही कुठे कुठे भीती वाटते ते सांगितले; त्या जागा माझ्या कल्पनेतल्या जागांहून वेगळ्या होत्या. अंधार पडण्याआधी कोणत्या गावातून निघायचे, वाटेत कोणाला फोन करायचा, हे तिने कधीच ठरवून ठेवले होते. तिला चाकू हवा होता तो बोंडासाठी.

त्या रात्री मी जो विचार केला तो माझ्या विषयाशी संबंधित आहे म्हणून इथे मांडतो. कथेत चाकू आला की तो चालला पाहिजे, असे आपण मानतो. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगली असेल तर पुढे ती सुटली पाहिजे, हे चेकॉव्हच्या नावावरचे सूत्र मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि विद्यार्थी ते दरवर्षी उतरवून घेतात. सिनेमाचेही तेच. 'वक्त' (1965) मधला राजकुमार आणि त्याचा चाकू ज्याने पाहिला आहे, त्याला चाकूने कोणी संत्रेही सोलतो हे पटवून द्यावे लागते. रामपूर शहराने तर 2023 मध्ये चौकात 20 फुटी रामपुरी उभारला. आणि चाकू बाईच्या हाती असेल तर कथानकाला दोनच वाटा माहीत: स्वसंरक्षण नाही तर सूड. दिवसातून दहा वेळा उघडणारा, सुतळी कापणारा, बोंड चिरणारा आणि पुसून मिटणारा चाकू कथेत टिकत नाही, कारण त्याच्यामुळे काही घडत नाही. मी इतवारीत चाकू विकत घेतला नव्हता, कथानक विकत घेतले होते.

शब्दांकडे पाहिले तरी गंमत दिसते. चाकू हा तुर्की-फारसीच्या वाटेने आलेला पुल्लिंगी. सुरी संस्कृत छुरिकेची वंशज, स्त्रीलिंगी. सुरी ओट्यावर, चाकू खिशात. विळी तर बसल्याशिवाय चालतच नाही. तिचे पाते स्थिर आणि वस्तू हलती. बाईने जमिनीवर बसावे आणि जगाने तिच्यापुढे येऊन चिरले जावे, अशी तिची रचना. चालत्या माणसाच्या अंगावर असणारे, त्याचे एकट्याचे पाते म्हणजे चाकू. बोरू तासायला कारकुनाजवळ असे तोही चाकूच; फारसीत त्याला कलमतराश म्हणतात. बाईला मुळात खिसाच नव्हता, मग चाकू कुठून येणार, असे एक सोपे विधान मी करून बसलो होतो. पण आजीचा अडकित्ता आठवला आणि ते मागे घ्यावे लागले. आजीच्या कमरेला चंची असे. पान, चुन्याची डबी, सुपारी आणि पितळी अडकित्ता. तो बिजागरीवर मिटे, कमरेला राही, आणि त्याला हात लावायची आजोबांनाही मुभा नव्हती. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो थाट आहे (दिनकर केळकर म्हणजे आपले कवी अज्ञातवासी), तो पाहताना मी घडण आणि नक्षी यांपलीकडे काही पाहिले नव्हते. यांतली काही पाती बायकांच्या मालकीची होती, हे डोक्यातच आले नाही. असो.

यानंतरचा शोध आम्ही दोघांनी मिळून केला आणि तो अगदी कोरडा होता. स्विस सैनिकी चाकू प्रथम सुचला, पण त्याचे पाते नखाने उचलावे लागते, म्हणजे दोन्ही हात अडकतात. तिच्या एका हातात बोंड असते. शिवाय त्यांतल्या लहान चाकूंच्या पात्यांना अडकण नसते, दाब उलटा पडला तर पाते बोटावर मिटते. टाक्यांचा अनुभव ताजा होता. फ्रान्सचा ओपिनेल मला मनापासून आवडला. साव्हॉय प्रांतात 1890 च्या सुमारास जन्मलेली ही साधी लाकडी मूठ, आणि 1955 पासून तिच्यावर पाते पक्के करणारे फिरते कडे. पण लाकूड पावसात फुगते आणि पाते आत आवळले जाते, आणि बोंडांची तपासणी नेमकी ओल्या दिवसांत. साध्या पोलादाला धार चांगली लागते, पण संत्र्याच्या आणि लिंबाच्या रसाने ते काळे पडते. म्हणून न गंजणारे पोलाद. पात्याला अंगठ्यासाठी गोल भोक असावे, म्हणजे एका हाताने उघडता येईल. ही युक्ती 1981 मध्ये एका अमेरिकी कंपनीने रूढ केली. कायद्याचाही धाक नव्हता: शस्त्र नियमांचा रोख 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांवर आहे, आणि आम्हाला हवे होते जेमतेम अडीच इंच.

रंगावर मात्र माझे चुकले. मला गडद, गंभीर मूठ हवी होती. ती म्हणाली, "काळ्या मातीत पडला तर दिसायला नको का?" नारिंगी घेतला.

पार्सल आले त्या दिवशी आई ओसरीवर मिरच्या निवडत बसली होती. मी चाकू पत्नीकडे हात लांबवून धरला, तशी आई कडाडली, "हातात नोको देऊ, खाली ठेव! भांडन लागते." मिरची आणि धारेची वस्तू हातोहात देऊ नये, हे आम्ही दोघांनी लहानपणापासून ऐकलेले. मी चाकू सुपाशेजारी जमिनीवर ठेवला. पत्नीने वाकून तो उचलला, एका अंगठ्याने उघडला, आणि काही न बोलता पार्सलची उरलेली चिकटपट्टी कापून आईपुढचा पसारा आवरला. रूढीमागचे कारण काय असेल ते असो. घेणाऱ्याने आपल्या इच्छेने उचलावे, हे मला त्या क्षणी फार आवडले.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती उशिरा आली. ठरल्याप्रमाणे वाटेतून फोन आला होता, तरी मी फाटकाशी उभा होतोच. चाकूच्या बिजागरीत सरकीचा गर वाळून बसला होता. "आज 20 मध्ये 5 निघाली," ती म्हणाली. मग चाकू खांबाजवळच्या कट्ट्यावर ठेवून, "धार बसली आहे. रविवारी बाजारात धारवाल्याकडे द्याल?"

मी तो कट्ट्यावरून उचलला.